कपाशीचा भाव तोफेनं नेला नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठ दिवस एकच भांडण चालू आहे. एक जण लिहितो, संरक्षणाला २०२५-२६ च्या बजेटात ६ लाख ८१ हजार कोटी, कृषी खात्याला १ लाख ३७ हजार कोटी, मग कापूस उत्पादकानं मरायचं का? फौजेतून निवृत्त झालेला दुसरा चिडतो, "सीमेवर उभा राहून पाह्य, मंग बोल." मी जर्मनीतल्या हॅनोव्हरहून दोन ओळी लिहिल्या, तर काकाचा फोन. "तू कायले पडतं यायच्या भांडनात? तुले तिकडं कापूस विकाचा हाय का?"

विकायचा नाही. पण माझी फी त्याच कापसातून भरली गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

'जवान की शेतकरी' हा प्रश्न आमच्या भागात बसतच नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावचा लष्करी दारूगोळा डेपो आमच्या शेजारी. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री तिथं आग लागली तेव्हा आजूबाजूची गावं रिकामी करावी लागली होती. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात कितीतरी कामगार गेले. त्या ६ लाख ८१ हजार कोटींतले सुमारे १ लाख ६० हजार कोटी नुसत्या पेन्शनचे आहेत, आणि ती पेन्शन आमच्याच गल्लीत येते. एका भावाच्या हाती डवरा, दुसऱ्याच्या हाती रायफल, अशी कितीतरी घरं आहेत. (खताचं अनुदान कृषी खात्याच्या आकड्यात नाही, हेही ग्रुपवर कुणी सांगत नाही.)

आणि कपाशीचा भाव तोफेनं नेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, पुढं ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, आणि बाहेरचा कापूस नेमका आमच्या वेचणीच्या वेळी बिनशुल्क येत होता. या निर्णयाचा रणगाड्याशी काय संबंध?

इथं जर्मनीतही हाच वाद आहे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये सैन्यासाठी १०० अब्ज युरोंचा वेगळा निधी काढला, मार्च २०२५ मध्ये संरक्षणावर कर्ज काढता यावं म्हणून राज्यघटना बदलली. मधल्या काळात, जानेवारी २०२४ मध्ये, शेतीच्या डिझेलवरची करसवलत काढू नका म्हणत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बर्लिनमध्ये शिरले. ट्रॅक्टरवर कर लावायचा बेत सरकारनं मागं घेतला, डिझेलची सवलत मात्र तेव्हा टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलं. वर्षानुवर्षं सैन्याकडं दुर्लक्ष केलं की पुढं किती घाईनं खर्च करावा लागतो, ते मी इथं बघतोय. त्यामुळं चीन-पाकिस्तान शेजारी असताना शस्त्रं घेऊ नका असं मी म्हणणार नाही.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इथं अडीच कोटी युरोंच्या, म्हणजे साधारण अडीचशे कोटी रुपयांच्या वरची प्रत्येक लष्करी खरेदी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढं यावी लागते. आपल्याकडं २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये लोकसभेनं सगळ्या खात्यांच्या खर्चाच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. संरक्षणाच्याही, शेतीच्याही. जवानाच्या पैशाचा हिशोब झाला नाही, शेतकऱ्याच्याही नाही, आणि भांडतोय आपण ग्रुपवर.

हे काकाला सांगितलं. आपला खासदार या मागण्यांवर कधी बोलला का, तेवढं पाहा म्हटलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थे भाषनं कुठं पाहाले भेटतेत?"

लोकसभेच्या संकेतस्थळाची लिंक मी ग्रुपवर टाकली आहे.