स्वतःचा हिस्सा

पहिले घर घेण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, आणि डाउन पेमेंटच्या काळजीने झोप उडाली असेल, तर ती काळजी आधी सोडून द्यावी, कारण साहाय्य करायला सरकार बसलेलेच आहे. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये, वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला गृहकर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याज-अनुदान मिळते. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, कर्ज २५ लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र १२० चौरस मीटरच्या आत असले, की झाले. १२० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ १,२९० चौरस फूट. एवढे ऐसपैस घर पुण्यात ३५ लाखांत शोधून काढणे, हे किरकोळ काम तेवढे आपल्याकडे ठेवलेले आहे.

घर सापडले असे समजून पुढचा हिशेब करावा. ३५ लाखांचे घर आणि २५ लाखांचे कर्ज, म्हणजे दहा लाख आपल्या खिशातून. बँकेच्या भाषेत याला ‘स्वतःचा हिस्सा’ म्हणतात. पुणे महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार रुपये. नोंदणी शुल्काचे ३० हजार वेगळे. (घर फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, स्त्रीसन्मानाची भावना अशा वेळी अनेक पुरुषांत आपोआप जागी होते.) एवढे सगळे भरून झाले की अनुदानाची वेळ येते. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये असते आणि पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होते. मुद्रांक शुल्क राज्य सरकार एकरकमी घेते आणि केंद्र सरकार त्याहून कमी रक्कम पाच वर्षांत देते, यात आपण खोट काढू नये. एकाच वेळी हाती आले असते, तर आपण ते कशात उडवले असते, कोण जाणे!

मधल्या काळात बोनस मिळाला म्हणून कर्ज भराभर फेडण्याचा आगाऊपणाही करू नये. अनुदानाचा हप्ता येतेवेळी कर्ज चालू असावे आणि निम्म्याहून अधिक मुद्दल बाकी असावे, अशी अट आहे. ऋणात राहण्याचे एवढे रोख बक्षीस अन्यत्र मिळणार नाही.

आता राहिला प्रश्न त्या दहा लाखांचा. त्यासाठी रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, आई-बाबांच्या घरी जावे. विषय आपण काढण्याची गरज पडत नाही. ‘फ्लॅट पाहतोय’ एवढे म्हटले की बाबा वर्तमानपत्राची घडी घालतात, चष्मा पुसतात आणि कपाटातून प्लॅस्टिकची ती जुनी पिशवी काढतात, जिच्यात मुदत ठेवींच्या पावत्या तारखांच्या क्रमाने रबर लावून ठेवलेल्या असतात. मुदतीआधी मोडली तर व्याज कापले जाते, हे ते आपल्याला सांगतात आणि तरीही वरची पावती बाजूला ठेवतात. आई पाटल्यांकडे पाहत ‘हल्ली घालवत नाहीत गं हातात’ असे सुनेला उद्देशून म्हणते. आपण ‘नको, नको’ असे दोनदा म्हणावे. तिसऱ्यांदा म्हणू नये. ऐकले जाण्याचा धोका असतो.

ही रक्कम आपल्या खात्यावर आली की बँकेत ती ‘स्वतःचा हिस्सा’ म्हणून निःसंकोच दाखवावी. त्यानंतर अनुदानाचा अर्ज भरावा. तेथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. त्यामुळे बाबांच्या नावावर असलेले घर आपल्या पात्रतेच्या आड येत नाही, ही फार सोयीची व्याख्या आहे. कुटुंबीयांची नावे लिहिताना मात्र भावनेच्या भरात आई-बाबांची नावे घालू नयेत, अर्ज परत येतो.