हिटलर आकाशातून पडला नव्हता

सध्या एक पोस्ट जोरात फिरतेय, माझ्याकडेच तीन ग्रुपमधून आली. म्हणणं असं की नाझी राजवट म्हणजे एका माथेफिरूचं काम, वसाहतींशी तिचा काही संबंध नाही, साम्राज्यवाल्यांनी कारभार तरी शिस्तीचा दिला, आणि संबंध असता तर मग इंग्लंडपण नाझी झालं नसतं का. एकेक घेते.

"एका माथेफिरूचं काम." हिटलर 15 वर्षांचा शाळकरी पोरगा होता तेव्हा, ऑक्टोबर 1904 मध्ये, आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, जर्मन जनरल फॉन ट्रोथाने हुकूम काढला की हद्दीत दिसेल त्या हेरेरोला (तिथली गुरं पाळणारी जमात), हातात बंदूक असो नसो, गोळी घाला. डिसेंबरात बर्लिनने तो मागे घ्यायला लावला, पण वाळवंटातून जे जिवंत सुटले त्यांना मग छावण्यांत कोंडलं आणि या छावण्यांना जर्मन सरकार तेव्हाच 'कॉन्झेंट्रेशन्सलागर' म्हणत होतं, नाझी छळछावण्यांचाच शब्द. अंदाजे 80,000 हेरेरोंपैकी 15,000 च्या आसपास उरले.

"संबंध नाही." छावणीतल्या बायकांना मेलेल्यांची मुंडकी उकळून, काचेच्या तुकड्याने मांस खरवडून कवट्या साफ करायला लावल्या, त्या मेलेल्यांत त्यांचीच माणसं असायची. कवट्या पेट्यांत भरून जर्मनीला गेल्या, 'वंशाच्या अभ्यासाला'. 1908 मध्ये ऑयगेन फिशर हा जर्मन वंशशास्त्रज्ञ तिथेच रेहोबोथला मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेत होता, आणि 1933 मध्ये हाच माणूस बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू. मिश्र लग्नांवर बंदीसुद्धा त्या वसाहतीत 1905 लाच आली, ज्यूंशी लग्नाला बंदी घालणाऱ्या नाझींच्या न्युरेंबर्ग कायद्यांच्या 30 वर्षं आधी.

"शिस्तीचा कारभार." हे वाचून खरंच पोटात कालवतं. 1907 च्या नियमांनी तिथल्या सात वर्षांवरच्या प्रत्येक आफ्रिकन माणसाने नंबर कोरलेला धातूचा बिल्ला बाळगायचा, गव्हर्नरच्या परवानगीशिवाय जमीन नाही, गुरं नाहीत, आणि गुरांवर जगणाऱ्या हेरेरोंच्या हातात मग उरतं काय? बिल्ला देणाऱ्या कारकुनाने स्वतः कुणाला मारलं नसेल, त्याने फक्त रजिस्टर नीट ठेवलं, आणि ज्यांची नोंद करायचा त्यांना जाब द्यायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. आपल्याकडेही 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा होताच की, पारध्यांचं पोर जन्मतःच गुन्हेगार, पोलिसात हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणात वस्ती. तो रद्द व्हायला 1952 उजाडलं.

"मग इंग्लंड?" हा प्रश्न रास्त आहे. वसाहत होती म्हणून घरी हुकूमशाही येणारच असं नाही, जर्मनीत मधे हरलेलं महायुद्ध आणि मंदी आहे. दक्षिण आफ्रिकेत डच वंशाच्या बोअरांशी झालेल्या युद्धातल्या ब्रिटिश छावण्यांवर 1901 मध्ये लंडनच्या पार्लमेंटमध्ये गदारोळ झाला, पण तो गोऱ्या बोअरांसाठी, शेजारच्या काळ्यांच्या छावण्यांबद्दल फारसं कुणी विचारलं नाही. जर्मनीत तर डिसेंबर 1906 मध्ये संसदेने या नामिबियातल्या लढाईला जादा पैसे नाकारले, चॅन्सेलर ब्यूलोने संसदच बरखास्त केली, वसाहतीच्या मुद्द्यावर निवडणूक लावली आणि जानेवारी 1907 मध्ये विरोध करणाऱ्या समाजवाद्यांच्या जागा 81 वरून 43 वर आल्या. तेव्हा "लोकांना काय माहीत होतं" हेही कृपया पुढे पाठवू नका.