‘ऑन द पोस्ट ऑफ’ लिहिणं आता तरी थांबवा!

‘ही वॉज वर्किंग ऑन द पोस्ट ऑफ ज्युनियर इंजिनियर सिन्स २०१९ टू २०२२.’ अनुभवाच्या प्रमाणपत्रात हे असलं वाक्य वाचलं की डोकंच फिरतं. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं जागच्या जागी, आणि वाक्य मात्र सगळं मोडलेलं!

आपल्या ‘पदावर’मधला ‘वर’ उचलायचा आणि त्याचा ‘ऑन’ करून टाकायचा, हेच सगळ्या घोळाचं मूळ. अहो, सरळ ‘वर्क्ड अ‍ॅज अ ज्युनियर इंजिनियर फ्रॉम २०१९ टू २०२२’ लिहा ना! दोन्ही टोकांच्या तारखा दिल्या की ‘फ्रॉम’च लागतं. त्याहून संताप येतो तो ‘वर्किंग अ‍ॅज अ पोस्ट ऑफ क्लार्क’ वाचून. माणूस क्लार्क असतो, पोस्ट नसतो!

अर्ज पदासाठी ‘फॉर’ आणि कंपनीकडे ‘टू’. बढती ‘प्रमोटेड टू’, ‘प्रमोटेड अ‍ॅज’ नाही. राजीनामा ‘रिझाइन्ड फ्रॉम द पोस्ट ऑफ मॅनेजर’ किंवा नुसतं ‘रिझाइन्ड अ‍ॅज मॅनेजर’. आणि ‘जॉइन्ड इन द कंपनी’ कुठून काढलंत? ‘जॉइन्ड द कंपनी’, संपलं. कंपनीच्या नावाआधी ‘अ‍ॅट’, खात्याआधी ‘इन’.

पदनामातला शब्द तर हलवायचाच नसतो. सरकारी सचिव ‘सेक्रेटरी टू द गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’ असतो, तिथला ‘टू’ मनाने बदलून ‘ऑफ’ करता येत नाही. ‘असिस्टंट टू द मॅनेजर’ म्हणजे मॅनेजरचा मदतनीस. ‘टू द’ गाळलंत की झाला ‘असिस्टंट मॅनेजर’, म्हणजे वेगळंच पद! पुढे नव्या नोकरीत कागदपत्रांची पडताळणी झाली की बायोडेटात एक आणि प्रमाणपत्रात दुसरंच. खोटारडा ठरतो तो बिचारा उमेदवार, टाइप करणारा नाही.

आणि हे होतं कारण प्रत्येक ऑफिसात जुनी एकच वर्ड फाइल नाव बदलून वर्षानुवर्षं फिरते. ती फाइल आजच उघडा. कंट्रोल आणि एच दाबा, ‘ऑन द पोस्ट ऑफ’च्या जागी ‘अ‍ॅज अ’ टाका. मग पदनाम तोंडाने म्हणून बघा: सुरुवात स्वराने झाली तर ‘अ‍ॅन’ करा. ‘एचआर मॅनेजर’लाही ‘अ‍ॅन’च लागतं, कारण उच्चार ‘ए’ने सुरू होतो. एवढं करून मगच शिक्का मारा.