म्हातारीचा मेकओव्हर

रायफल घेतली तेव्हा मी घरी छातीठोकपणे सांगितलं होतं, "ही एकदा घेतली की विषय संपला, यावर पुढे काही खर्च नाही." माणसाने आयुष्यात काही वाक्यं मनातल्या मनात बोलावीत. मी मोठ्याने बोललो, आणि बायकोसमोर बोललो.

रायफल म्हणजे मोसिन-नागांत, मॉडेल ९१/३०. मूळ डिझाईन १८९१ चं, सर्गेई मोसिन नावाच्या रशियन कॅप्टनचं आणि थोडं बेल्जियमच्या नागांतचं, मग १९३० मध्ये थोडी डागडुजी करून तीच पुढे चालू. माझ्यावाल्या रायफलीवर १९४२ चा शिक्का आहे आणि बाणवाला त्रिकोण, म्हणजे इझेव्हस्कच्या कारखान्यातली. तेव्हा युद्ध ऐन रंगात, त्यामुळे फिनिशिंगचे लाड करायला कोणाला वेळ नव्हता आणि मशीनचे ओरखडे अजून तसेच दिसतात. लांबी सव्वा मीटर, वजन चार किलो, मॅगझिनमध्ये पाच गोळ्या. मागच्या साईटवर, म्हणजे नेम धरायच्या पट्टीवर, चक्क २००० मीटरपर्यंतचे आकडे आहेत. मला चष्मा लावून १०० मीटरवरचा कागद दिसतो, पण तो कागद आहे एवढंच दिसतं.

पहिला आठवडा कॉस्मोलिनमध्ये गेला. हे एक तपकिरी, चिकट ग्रीस, लष्कराने रायफली कोठारात ठेवताना गंजू नयेत म्हणून फासलेलं, आणि फासणाऱ्याने अगदी हात सैल सोडून फासलेलं. पुसलं की फडका चिकटतो, फडका सोडवला की बोट चिकटतं. लाकडी दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून उन्हात ठेवला तर त्याला घाम फुटला, अक्षरशः थेंब थेंब, पुसावं तर तासाभराने परत तेच. शेवटी हेअर ड्रायर आणला. तो कोणाचा होता आणि नंतर चार दिवस कोणाच्या केसांना गॅरेजचा वास येत होता हे इथे सांगत नाही.

तर रायफल साफ झाली, चालायला लागली, आणि इथे मी थांबायला हवं होतं. पण बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणारा दांडीवाला दट्ट्या, अडकायचा. म्हणजे पहिल्या दहा-बारा गोळ्या ठीक, मग नळी तापली की बोल्ट असा रुसून बसायचा की मला उभं राहून, बंदूक मांडीला टेकवून, नळी समोरच्या बांधाकडे ठेवून तळहाताने दांडीवर दणके द्यावे लागायचे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, शेजारच्या लेनमधले लोक आधी हसायचे, मग एक पाऊल लांब सरकायचे. मी नेटवर शोधलं आणि त्यावर तोडगा सापडला, दांडी लांब करणारा जोड. दांडी लांब म्हणजे जोर कमी लागणार, शाळेतला तरफेचा नियम, लगेच ऑर्डर केला.

मग वाटलं एवढं करतोच आहे तर स्कोप पण बसवू. आता गंमत अशी की मोसिनची दांडी सरळ असते, ती वर उचलली की नेहमीच्या जागी बसवलेल्या स्कोपला जाऊन आपटते. म्हणूनच त्यांच्या स्नायपर रायफलींची दांडी खाली वाकवलेली असायची. माझी दांडी सरळ होती आणि आता मी ती हौसेने लांबही करून ठेवली होती. त्यामुळे स्कोप पुढे, मागच्या साईटच्या जागी बसवायचा माऊंट घेतला. स्कोप पुढे गेला म्हणून डोळा लांब ठेवून बघता येईल असा वेगळा स्कोप घेतला. तो उंच बसला म्हणून गाल दस्त्यावर टेकेना, नुसती हनुवटी टेकायची, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं. म्हणून गालाखाली लावायची उशी घेतली. ती जुन्या दस्त्यावर नीट बसेना, म्हणून... हां, बरोबर ओळखलंत, नवीन दस्ता. काळा, प्लास्टिकचा, मागेपुढे होणारा.

त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं 'ड्रॉप-इन'. म्हणजे नुसतं आत सोडायचं आणि बसतं. मी सोडलं, नाही बसलं. दाबलं, तरी नाही बसलं. १९४२ साली इझेव्हस्कमध्ये ज्या कोणी ती रायफल घडवली त्याला काही कल्पना नव्हती की पुढे प्लास्टिकचा साचा येणार आहे, त्यामुळे त्याने आपल्या सोयीने घडवली. दोन संध्याकाळी सँडपेपर घेऊन घासत बसलो. काळा भुगा नाकात गेला, चहात पडला, की-बोर्डमध्ये तर अजून आहे.

ट्रिगरचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं की डोकं दुखतं. मूळ ट्रिगरला परत जागेवर आणणारी स्प्रिंगच नसते, तो सैल दातासारखा नुसता हलत असतो. नवीन घ्यायचा तर जुन्याची पिन काढावी लागते. ती पिन ऐंशी वर्षं बसली होती, निघाली तेव्हा अशी निघाली की आजतागायत सापडली नाही.

आणि धक्का! या काडतुसाचा धक्का म्हणजे काय विचारू नका. दस्त्याच्या मागे लोखंडी पट्टी असते, ती थेट खांद्यावर येते. दस्ता मुळात आखूड आहे, अंगात जाड कोट असेल तर ठीक वाटतो, मी टी-शर्टमध्ये होतो. नवीन दस्त्याला रबर पॅड होतं हा एवढाच खर्च मला अजून पटतो.

एवढं सगळं लावून रेंजवर गेलो. वजन साडेपाच किलोच्या वर. पहिल्या तीन गोळ्या मस्त, एकाजवळ एक. पुढच्या तीन कागदाच्या उजव्या कोपऱ्यात. त्यापुढच्या कागदाला लागल्याच नाहीत. माऊंट ढिला. आणि बोल्ट? अडकला. लांब दांडीमुळे फरक एवढाच पडला की आता दणका मारला की हात जास्त दुखायचा.

तिथे एक काका येतात, त्यांच्याकडेही मोसिनच आहे, मी सोडून कोणी तिच्याकडे बघत नाही अशी जुनी, लाकडी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "चेंबर घासलंस का रे?"

"काका, सगळी साफ केली."

"चेंबर. आत."

आत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेत, नव्हतं घासलं. म्हणजे प्रकार असा होता की चेंबरमध्ये जुन्या कॉस्मोलिनचा थर वाळून बसला होता, नळी तापली की तो मऊ व्हायचा आणि पुंगळी त्यात डिंकात बसल्यासारखी बसायची. घरी येऊन पितळी ब्रश ड्रिलला लावला, थोडं सॉल्व्हंट, दहा मिनिटं. बोल्ट लोण्यासारखा. दहा मिनिटं!

त्या रात्री मी सगळं उतरवलं. जुने पार्ट एका खोक्यात ठेवले होते. बायकोने खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, यात तर अख्खी रायफल आहे. मग इतके दिवस तू सजवत काय होतास?" मी म्हटलं, नळी आणि रिसीव्हर. ती म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ऐकलं होतं, तू तर कोंबडी खोक्यात ठेवून नुसता मसालाच शिजवलास."

जुनं लाकूड, जुनी साईट, जुना ट्रिगर, आणि पिन नवीन, असं सगळं परत चढवून पुढच्या रविवारी गेलो. बोल्ट छान, पण गोळी दरवेळी एका बाजूला. एकाजवळ एक, सुंदर, पण वीतभर बाजूला. काका आले. "संगीन कुठाय हिची?"

संगीन गाडीत होती, खोक्याच्या तळाशी, ग्रीसच्या कागदात गुंडाळलेली. काकांनी सांगितलं की या रायफलींचा नेम संगीन लावूनच बसवलेला असायचा, काढली की नळीची थरथर बदलते आणि गोळी सरकते. मला वाटलं चेष्टा करतायत. पण लावली. बसेना, म्हणून तळहाताने दोन दणके दिले, त्यात आता माझा हात तयार आहे. पाच गोळ्या मारल्या. पाचही मध्ये, तळहाताएवढ्या जागेत. माझ्या चष्म्यासकट, स्कोपशिवाय.

मग निघताना लक्षात आलं की संगीन निघत नाहीये. मी ओढली, काकांनी ओढली, शेजारच्या लेनमधला एकजण धीर करून पुढे आला, त्यानेही ओढली. संगिनीसकट ही बाई १६६ सेंटीमीटर आहे. माझी गाडी छोटी आहे. मागच्या डिकीतून पुढच्या सीटपर्यंत तिरकी घातली, टोकाला टेनिसचा बॉल खोचला, आणि पूर्ण रस्ता तो बॉल माझ्या कानाशी.

दारात बायको उभी होती. तिने बॉलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं ना आता? यापुढे काही खर्च नाही ना?"

"नाही," म्हटलं, "फक्त एवढ्या लांबीचं कव्हर तयार मिळत नाही, ते शिवून घ्यावं लागेल."