फोन तापला? मे महिना आहे, तापणारच!

राजेहो, फोन हॅक झाल्याची लक्षणं सांगणारे लोक आजकाल फार झालेत. बॅटरी भराभर उतरते, फोन तापतो, डेटा दुपारीच संपतो, वगैरे. नागपूरच्या माणसाने या यादीला घाबरायचं काही कारण नाही. आपल्याकडे प्रत्येक लक्षणाला घरचं कारण तयार असतं. ते नीट पाठ असलं, की चोर फोनमध्ये वर्षभर नांदला तरी तुमची दुपारची झोप मोडणार नाही.

तापण्याचंच घ्या. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश सोसले आहेत. आयफोन बनवणारी कंपनी सांगते, की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. म्हणजे आपण तो होळीनंतर कपाटात ठेवायचा आणि पोळ्याला बाहेर काढायचा. मे २०२४ मध्ये तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. जिथे सरकारी यंत्राला ऊन लागतं तिथे तुमच्या फोनची काय कथा! तेव्हा रात्री दोन वाजता, कूलरच्या गार हवेत, कोणी हात न लावता पडलेल्या फोनने चटका दिला, तरी त्याला ऊनच लागलंय असं समजा. कव्हरमध्ये कांद्याची चकती ठेवून बघा.

(तसं पाहिलं तर तापणं हे एकटं लक्षण कुचकामीच. फोन शंभर कारणांनी तापतो. पक्की लक्षणं वेगळी असतात, आणि त्यांच्याकडे काणाडोळा करायला जरा जास्त कसब लागतं.)

पण आधी चोराला आत तर घ्यायला हवं. कुठेही बोट न लावता फोनमध्ये शिरणारं पेगॅसस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये जगभर गाजलं, पण ते बनवणारे म्हणतात की आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. मानेवाड्यातल्या सेवानिवृत्त हेडक्लार्कसाठी कोण कायले एवढा खर्च करील? आपल्याला लग्नपत्रिका पुरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते, नाव ‘लग्नपत्रिका’, शेपटाला एपीके, म्हणजे पत्रिका नव्हे, अँड्रॉइड फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप. कोणाचं लग्न आहे ते लिहिलेलं नसतं, पण लग्नसराईत असले प्रश्न विचारणं बरं दिसत नाही. जेवण कुठे आहे ते कळलं म्हणजे झालं. फोन म्हणतो, हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणचं आहे. त्याला गप्प करा. प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधला गूगलचा पहारेकरी, आडवं येतं. ते बंद करा, पत्रिकेतच तशी सूचना असते. मग पत्रिका तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागते. द्या. मुलीकडच्यांना चौकशी करायची असेल. त्यानंतर ती अ‍ॅक्सेसिबिलिटी मागते. ही सोय दृष्टिहीनांना आणि हात नीट न चालणाऱ्यांना फोन वापरता यावा म्हणून केलेली आहे. ती एकदा हातात आली, की अ‍ॅप तुमचा स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एवढं सगळं देऊन झाल्यावर पत्रिका उघडतच नाही आणि तिचं चिन्हही स्क्रीनवरून गायब होतं. लग्न मोडलं असेल, असं म्हणून चहा ठेवायला सांगा.

पत्रिकेला न भुलणाऱ्या चोखंदळ लोकांसाठी आरटीओचं चलन असतं. तीच फाइल, तेच शेपूट. खरं चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघता येतं, त्यासाठी काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पण व्हेरायटी चौकातून विनाहेल्मेट गेलेला माणूस शहानिशा कशाला करील? त्याला आतून खात्रीच असते, की चलन आपलंच आहे.

आता लक्षणं दिसू लागतील.

स्क्रीनच्या कोपऱ्यात अधूनमधून हिरवा ठिपका उमटतो. अँड्रॉइड १२ पासून हा ठिपका सांगतो, की आत्ता एखादं अ‍ॅप कॅमेरा किंवा माइक वापरतंय. तुम्ही फोनवर बोलत नाही, फोटो काढत नाही, तरी ठिपका आहे? सावजीच्या गावात एक फोन तरी शाकाहारी निघाला, याचा आनंद माना.

न मागितलेले ओटीपी येतात. बँकेला आपली आठवण येऊन राहिली, असं समजा. काही दिवसांनी मागितलेले ओटीपीसुद्धा येईनासे होतात. हे तर उत्तमच, कटकट गेली. अ‍ॅप काढायला गेलात की सेटिंग्जचं पान आपोआप मिटतं. फोनला तुमची दया येत असणार. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये तुमच्या घरात नसलेला एक कॉम्प्युटर दिसतो. तिथे जाऊच नका, म्हणजे दिसणार नाही.

मध्येच नेटवर्क पार जातं, आणि त्याच कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याचं मात्र सुरू असतं. कोणी तुमच्याच नंबरचं दुसरं सिम काढलंय की काय, ही शंका मनात आणू नका. शेजाऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारता येतं, पण त्याला दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा कंपनीला मनसोक्त शिव्या द्या आणि फुटाळा तलावावर चक्कर मारून या. नाहीच राहवलं तर *#२१# दाबा. कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत का, एवढंच त्यातून कळतं. बाकी फोन ठणठणीत असल्याचा दाखला समजून तो आकडा आपण गावभर वाटतो, ती गोष्ट वेगळी.

शेवटी खात्यातून पैसे जातात. इथे घाई केली की सगळा खेळ बिघडतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन लागला, तर पैसे चोराच्या पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून आधी जावयाला विचारा. जावई मित्राला विचारील, मित्राचा भाऊ पोलिसात असतो, आणि तो सुटीवर असतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने बँकेला कळवायला तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत दिली, पण ती चूक ना बँकेची ना तुमची, अशा वेळेसाठी. चूक तुमचीच असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. साहजिकच, कळवायला सोमवार बरा. रविवारी तर्री-पोहे असतात, मन प्रसन्न असतं, त्यात हा विषय नको.

बायकोला मात्र अजिबात सांगू नका. मागच्या महिन्यात तिच्या बहिणीला लिंक उघडल्यावरून अर्धा तास अक्कल शिकवली होती ती तुम्हीच.

फोन फॅक्टरी रिसेट करायचा नाही, त्यात पाच हजार गुड मॉर्निंग आहेत. दुसऱ्याच्या फोनवरून पासवर्ड बदलायचे नाहीत, उगाच कोणाचे उपकार नकोत. नेट बंद करून फोन बाजूला ठेवायचाही नाही, मॅच सुरू असते. करायचं इतकंच, की त्याच फोनवरून फॅमिली ग्रुपवर लिहायचं, ‘माझा फोन हॅक झाला आहे, माझ्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नये, आणि माझ्याकडून आलेली लग्नपत्रिका उघडू नये.’

पहिला अंगठा काकाजींचा येईल. त्याखाली लगेच, ‘पत्रिका उघडली ना बावा काल. पैसेही पाठवले. लग्न कोणाचं आहे?’