कोपरा फुटलेली काच

दर वर्षी १७ डिसेंबर जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं. ते दीड हजार फूट वर गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज हजर होते, ‘केसरी’त बातमी आली, आणि मग इंग्रजांनी सगळं दडपलं. गेल्या वर्षी मामाने पाठवलेल्या मेसेजबरोबर एक फोटोही होता. टेकडीवरून झेपावलेला दाढीवाला माणूस, डोक्यावर एकावर एक दोन कापडी पंख, पाय हवेत मोकळे.

तो माणूस मी लगेच ओळखला. तो जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डला त्याने स्वतःसाठी मातीची टेकडी उभारून घेतली होती आणि तिच्यावरून तो इंजिन नसलेली ग्लायडर्स घेऊन उतरायचा. दोन पंखांची ग्लायडर्स त्याने १८९५ सालीच उडवली. म्हणजे मेसेजमधलं साल आणि फोटोतलं साल जुळत होतं, फक्त माणूस आणि देश वेगळा होता.

मी ग्रुपवर तसं लिहिलं. मामाचं उत्तर आलं, “तुम्ही तिकडे गेलात की तिकडचेच होता.”

हे मला लागलं. मी ठाकूरद्वारची. तळपदे चिराबाजारचे, म्हणजे आमच्या घरापासून पायी पाच-सात मिनिटांवरचे. शाळेत बाईंनी त्यांची गोष्ट सांगितली त्या संध्याकाळी मी आणि माझी मैत्रीण चौपाटीवर जाऊन विमान नेमकं कुठून उडालं असेल यावर भांडलो होतो. ती गोष्ट खरी निघावी असं मला आजही मनापासून वाटतं. आणि गेली तेरा वर्षं मी राहते ओहायोतल्या डेटनला, राईट बंधूंच्या गावात. विषय टाळू म्हटलं तरी इथे टळत नाही.

मे महिन्यात मामा पहिल्यांदाच इकडे आला. त्याला मी विल्बर आणि ऑरव्हिल यांचं सायकलचं दुकान दाखवलं. हफमन प्रेअरीचं कुरणही दाखवलं, जिथे १९०५च्या ऑक्टोबरात विल्बर ३९ मिनिटं हवेत राहून सुमारे २४ मैल घिरट्या घालत होता. मामा सगळं बघत होता, पण गप्प. मग एके संध्याकाळी घरी, जेवण झाल्यावर, मी लॅपटॉपवर पहिल्या उड्डाणाचा तो प्रसिद्ध फोटो उघडला. लायब्ररी ऑफ काँग्रेसने मूळ काचेच्या निगेटिव्हचं स्कॅन कुणालाही मोठ्या आकारात उतरवून घेता येईल असं ठेवलंय.

१७ डिसेंबर १९०३, सकाळचे १० वाजून ३५ मिनिटं, नॉर्थ कॅरोलायनातल्या किल डेव्हिल हिल्सची वाळू. ऑरव्हिल खालच्या पंखावर पालथा पडलेला, विमान जमिनीपासून दोनेक फुटांवर, खाली त्याची सावली. उजवीकडे विल्बर, पंख धरून पळता पळता नुकताच हात सुटलेला. मामाने चष्मा वर करून स्क्रीनला नाक लावलं. पंख टेकवायचा छोटा बाक, वाळूत पडलेलं फावडं, पावलांचे ठसे, एकेक तो बोटाने दाखवत गेला.

फोटो काढला जॉन डॅनियल्स नावाच्या माणसाने. समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या तिथल्या ठाण्यावरचा तो कर्मचारी, त्या सकाळच्या पाच साक्षीदारांपैकी एक. ऑरव्हिलने कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून तो विमान ज्या रुळावरून सुटणार त्याच्या टोकावर रोखून ठेवला होता आणि डॅनियल्सच्या हाती फोटो टिपायचा रबरी फुगा देऊन सांगितलं होतं, यंत्र सुटलं की दाब. ते उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. आपण फुगा दाबला की नाही हेच डॅनियल्सला नंतर धड आठवेना. डेटनला परत येऊन काच धुतल्यावर कळलं.

आणि कॅमेरा त्यांनी काही त्या एका दिवसासाठी आणला नव्हता. १९०१ साली शिकागोच्या इंजिनिअरांपुढे बोलताना विल्बरने सांगितलं होतं की मैदानावर वाटतो तितकाच थरार घरी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत वाटतो, कारण काचेवर चित्र उमटू लागतं तेव्हा ते उडत्या यंत्राचं आहे की नुसत्या मोकळ्या आकाशाचं, हे अजून ठरायचं असतं. त्यांनी मोडलेल्या ग्लायडरचेही फोटो काढले. १४ डिसेंबर १९०३ला विल्बरचा पहिला प्रयत्न फसला आणि यंत्र वाळूत आपटलं, त्याचाही फोटो आहे, विल्बर अजून पंखावरच पडलेला. माझ्या लेखी हा फोटो पहिल्या उड्डाणाच्या फोटोइतकाच मोलाचा आहे. जो आपली आपटी जपून ठेवतो, त्याच्या भरारीवर माझा विश्वास पटकन बसतो.

“हा कोपरा असा का?” मामाने विचारलं.

डावीकडचा खालचा कोपरा तुटका दिसतो. मार्च १९१३मध्ये डेटनला महापूर आला आणि राईटांच्या काचा पाण्यात, चिखलात राहिल्या. या काचेच्या कोपऱ्यावरचा थर उडाला, चित्र तेवढं वाचलं. विल्बर आदल्याच वर्षी विषमज्वराने गेला होता.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. तो कलिन्याला राहतो. २६ जुलैच्या पावसात त्याच्या तळमजल्यावरच्या घरात छातीइतकं पाणी होतं, आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा अल्बम त्यात गेला. “आमचे सगळे एकमेकांना चिकटले होते गं,” तो म्हणाला. “सोडवायला गेलो तर चेहरेच निघून आले.”

मग त्याने मला प्रश्न विचारला, आणि तो रास्त होता. गोऱ्यांचा पुरावा तेवढा खरा, आणि आपला पूर आला, कागद गेला, की ती दंतकथा? राज्यकर्ते परके असताना आपल्या माणसाची नोंद कोण ठेवणार होतं?

या प्रश्नाला मी हसणार नाही, आणि इथले लोक धुतल्या तांदळासारखे आहेत असंही म्हणणार नाही. संग्रहालयं चालवणाऱ्या अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने वर्षानुवर्षं राईटांना त्यांचं श्रेय दिलं नाही. संस्थेचे प्रमुख सॅम्युअल लँग्ली यांचं विमान ८ डिसेंबर १९०३ला, म्हणजे राईटांच्या फक्त नऊ दिवस आधी, पोटोमॅक नदीत कोसळलं होतं. कोसळतानाचा फोटोही आहे. तरी १९१४ साली त्याच यंत्रात भरपूर फेरफार करून ते थोडंसं उडवलं गेलं, आणि माणूस घेऊन उडण्याची क्षमता असलेलं जगातलं पहिलं विमान म्हणून संस्थेने ते मांडून ठेवलं. चिडून ऑरव्हिलने आपलं विमान १९२८ साली लंडनच्या संग्रहालयाला उसनं देऊन टाकलं. लँग्लींच्या यंत्रात १९१४ साली केलेले बदल एकापुढे एक छापून संस्थेने १९४२ साली चूक कबूल केली, तेव्हा कुठे विमान परत यायची वाट मोकळी झाली. वॉशिंग्टनला ते लोकांसमोर मांडलं गेलं १९४८च्या डिसेंबरात. ऑरव्हिल त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

आजही हे भांडण संपलेलं नाही. आमच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘विमानविद्येची जन्मभूमी’ अशा अर्थाची ओळ असते, नॉर्थ कॅरोलायनाच्या प्लेटवर ‘उड्डाणात प्रथम’. कनेक्टिकट राज्याने तर २०१३ साली कायदा करून पहिल्या उड्डाणाचा मान आपल्याच राज्यात राहिलेल्या गुस्ताव्ह व्हाइटहेडला दिला. ब्राझीलच्या माणसाला विचाराल तर तो सांतोस-द्युमाँचं नाव घेईल, १९०६, पॅरिस, भर गर्दीसमोर. गावाचा अभिमान सगळीकडे सारखाच आहे. मला दोन्हीकडे राहून जो फरक जाणवतो तो एवढाच की व्हाइटहेडचा कैवार घेणाऱ्याला इथे लगेच विचारतात, फोटो कुठाय? तो एक अस्पष्ट फोटो पुढे करतो, आणि कुणीतरी तो वर्ष-दोन वर्षं खणून काढतो आणि दाखवतो की हे दुसऱ्याच कुणाचं ग्लायडर आहे. असं विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणत नाहीत.

आपल्याकडेही विचारणारे होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली ‘वैमानिक शास्त्र’ हा प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितला जाणारा संस्कृत ग्रंथ तपासला, आणि तो प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे, त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असा स्वच्छ निष्कर्ष काढला. तरी २०१५ साली मुंबईत भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते तळपद्यांसाठी. ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, संस्कृताचे व्यासंगी. उडायचं कसं या प्रश्नाने झपाटलेला असा माणूस त्या काळच्या गिरगावात होता, हीच किती मोठी गोष्ट! त्यांनी काय बांधलं, कशापासून, काय मोडलं, किती वेळा, हे आपल्याला कळायला हवं होतं. ते शोधायचं सोडून आपण त्यांच्या नावाखाली एका जर्मन माणसाचा फोटो लावतो. मुंबईत १८५४पासून फोटोग्राफीची संस्था होती. चौपाटीवर दीड हजार फूट वर काही गेलं असतं तर ते पाहणारे हजारो असते, आणि १८९५ साली त्या शहरात कॅमेरा दुर्मीळ नव्हता. फोटो नाही म्हणजे घडलंच नाही, असं मी म्हणत नाही. पण घडलंच, असं म्हणायला निदान एक कागद तरी हवा.

मामाला मी तेच म्हटलं. “मामा, ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होता. वर्षाचे बावन्न अंक. तू रिटायर झालायस. एकदा सगळे बघ ना.”

“आणि सापडलं तर?”

“तर या गावात तुझ्याबरोबर मिरवणूक काढीन.”

तो जुलैत परत गेला. आता आठवड्यातून दोन दिवस एका ग्रंथालयात बसतो आणि रविवारी मला व्हिडिओ कॉल करतो. ऑगस्ट १८९५पर्यंत आलाय. विमान अजून सापडलेलं नाही. त्याऐवजी पुण्यात त्या वर्षी भरलेल्या काँग्रेसच्या मंडपावरून पेटलेला वाद तो मला रंगवून सांगतो, आणि वहीत प्रत्येक अंकाची तारीख लिहून पुढे ‘नाही’ असं नोंदवतो. परवा त्याने ती वही कॅमेऱ्यासमोर धरली. पानभर सुबक अक्षरात तारखा, आणि प्रत्येकीपुढे तो एकच शब्द. मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.