पाण्यात फुटणारा तिरंगा
1965 च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबर विमानांना पाणी पाजणारे आपले छोटे लढाऊ विमान नॅट माझ्या टेबलावर मात्र कोमट पाण्याच्या बशीपुढे हार पत्करते. आर्वीजवळच्या आमच्या गावात मी त्याच्या 1:72 प्रमाणाच्या प्रतिकृतीचा हा जुना संच तीन आठवडे खपून जोडला, सांध्यांत पुट्टी भरून घासली, आणि शेवटी शेपटीवरच्या तिरंग्याचे डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ चित्र, भिजवले, तर त्याचे नेहमीप्रमाणे तुकडे झाले. डिकलचा पिवळेपणा घालवायला खिडकीतले ऊन आमच्याकडे फुकट आहे. पण जुन्या डिकलवर आधी पारदर्शक लॅकरचा हात द्यावा लागतो, हे मला दरवेळी भिजवल्यानंतरच आठवते. लॅकर मागितले, की दुकानदार दरवाजाचे व्हार्निश पुढे करतो, तेही एक लिटर! बारा सेंटीमीटरच्या विमानाला?